परक्या बंडाचे पोषण

१९८३ नंतर श्रीलंकेतील तमिळ गनिमांना भारतभूमीवर आश्रय, प्रशिक्षण व शस्त्रे मिळाली. २९ जुलै १९८७ च्या कराराने त्यांच्या निःशस्त्रीकरणाचा भार भारतानेच उचलला. ऑक्टोबरात वाघांच्या बंदुका भारतीय जवानांवर वळल्या. सुमारे १२०० जवान धारातीर्थी पडले. भारतीय फौजेला शह देण्यासाठी पुढे अध्यक्ष प्रेमदासांनीही त्याच वाघांना शस्त्रे पुरविली. १९९१ मध्ये राजीव गांधी व १९९३ मध्ये प्रेमदासा वाघांच्याच हल्ल्यांना बळी पडले.

सप्टेंबर १९८९ मध्ये सैन्यमाघारीचा समझोता झाला, तेव्हा परराष्ट्रमंत्री होते आपल्या शेजारच्या रामटेकचे खासदार नरसिंह राव. माघारीची वाटाघाट उघडपणे झाली. शस्त्रे देण्याचा निर्णय मात्र लोकप्रतिनिधींच्या पाठीमागे झाला होता. ज्यांची मुले रणांगणावर जातात, त्यांना हा प्रश्न आधी विचारण्याचा अधिकार नको काय?