नांगराची निशाणी

आपल्या जिल्ह्याच्या इतिहासांतील एक गोष्ट सांगून आम्ही विषयाकडे वळतों. १८७५ सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणबी लोकांनीं सावकारांवर हल्ला केला. तें लोण लवकरच आपल्या पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत या तालुक्यांत पसरलें. लोकांचा मुख्य रोख सावकाराच्या कर्जरोख्यांवर होता. ते हातीं लागले कीं जाळून टाकीत. या दंग्याचीं कारणें अनेक होतीं. कापसाचा भाव उतरला होता व सरकारी सारा वाढला होता. परंतु एक कारण आजहि विचार करण्याजोगें आहे. रयतेस अक्षरओळख नव्हती. कागदांत काय लिहिलें आहे हें न कळतां कुणबी त्यावर नांगराची निशाणी करी, आणि पुढें कोर्टांत तो कागदच खरा ठरे. म्हणूनच १८७९ च्या कायद्यानें शेतकऱ्यांचे रोखे नोंदून घेण्याची व सावकारानें पावती आणि हिशेब देण्याची तजवीज केली.

आज खरेदी करतांना आपण कार्ड वापरतों. कार्डाचा पिन व मोबाईलवर येणारा ओटीपी हीच आपली आजची निशाणी होय. ती ज्याच्या हातीं गेली, त्यास आपली संमति मिळाली.

आम्ही पदवीधर, तरीहि एकदां फसतां फसतां वांचलों. घरीं मागविलेली साडी सदोष निघाली होती. ‘पैसे परत करतों, आलेला आंकडा सांगा,’ असा एकाचा फोन आला. सहांपैकीं चार आंकडे आम्हीं सांगितलेहि! इतक्यांत संदेशाच्या पहिल्या ओळीवर नजर गेली. तींत रक्कम जमा होण्याची नव्हे, खर्ची पडण्याची भाषा होती. वाचतां येणें निराळें व वाचणें निराळें, हें आम्हांस त्या दिवशीं उमगलें.

यास्तव कांहीं नियम पाळावे. पैसे मिळण्यासाठीं पिन वा ओटीपी कधींच लागत नाहीं; तो मागणारा ठकच समजावा. दुकानांत कार्ड दृष्टीआड होऊं देऊं नये. यंत्रावरील रक्कम आधीं वाचावी, मग हात आड धरून पिन दाबावा. ऑनलाईन खरेदीची सोय नको असेल तर ती बँकेकडून बंद ठेवतां येते, व खर्चाची मर्यादाहि घालतां येते. दरमहा हिशेबाचा कागद ओळ न् ओळ तपासावा.

एवढें करूनहि घात झालाच, तर लाजेनें गप्प बसूं नये. तत्काळ बँकेस कळवून कार्ड बंद करावें व १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. रिझर्व बँकेच्या २०१७ च्या नियमांत, ग्राहकाची व बँकेची चूक नसतां तीन कामाच्या दिवसांत कळविल्यास ग्राहकावर भार पडूं नये, असें ठरविलें होतें. परंतु ग्राहकानें स्वतःच संकेत सांगितला असेल, तर कळवीपर्यंतचें नुकसान त्याचेंच. विलंबाचा प्रत्येक तास महाग पडतो.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरीं वाचतां न येणारीं आजी-आजोबा असतील. त्यांच्या मोबाईलवर आलेला संदेश त्यांस सावकाश वाचून दाखवा. दीडशें वर्षांपूर्वीं त्या कुणब्याजवळ असा वाचून दाखविणारा विश्वासू कोणी नव्हता. तुमच्या घरीं तुम्ही आहां.