ॲपमधला नॉब खरा दिसायला हवा का?

आजचा प्रश्न साधा आहे. आवाजाच्या ॲपने खऱ्या यंत्रासारखं दिसावं का? लाकडी खोकं, चकचकीत नॉब, हलणारा काटा, असं सगळं?

2012 साली ॲपलने पॉडकास्टचं ॲप काढलं, त्यात टेपरेकॉर्डरची फिरणारी चाकं होती. 2013 मध्ये ती काढून टाकली. चाकं नसली म्हणून ऐकणाऱ्याचं काय अडतं? काहीच नाही. ती सजावट होती.

नॉबचं तर नुकसानच आहे. खरा नॉब चिमटीत धरून, न बघताही फिरवता येतो. काचेवर चिमटीत धरणार काय? वर बोटाखाली आकडाच झाकला जातो.

फेडरची गोष्ट मात्र वेगळी. सप्ताहातल्या साउंडवाल्याचा मिक्सर जवळून बघा. फेडरवरचे डेसिबलचे आकडे वरच्या बाजूला ऐसपैस आणि तळाशी दाटीवाटीने असतात. कारण आपला कान आवाज पटीत मोजतो. आता आमच्यासारखा कोणी कोडमध्ये साधा 0 ते 100 चा स्लायडर टाकतो. तो 100 वरून 50 वर आणला, तर फक्त 6 डेसिबल कमी होतात! बाकी सगळा उतार खालच्या अर्ध्यात कोंबलेला. तिथे बोट जरा घसरलं की टाळ गायब. म्हणजे फेडरच्या खुणांची नक्कल करायलाच हवी.

आणि तानपुऱ्याचं ॲप? आपल्या नगरकडच्या भजनी मंडळात गायक सांगतो, "काळी दोन धरा." ही भाषाच पेटीच्या पट्ट्यांवरून आलेली. ॲपवर भोपळ्याचं चित्र हुबेहूब, पण सुराच्या यादीत नुसतं "डी शार्प" लिहिलेलं असेल, तर साठीतले बुवा नातवाला हाक मारणार. नातू नसला की अंदाजाने काहीतरी दाबणार. पट्टी एक-दोन सुरांनी वर लागली, की तारसप्तकात गळा ताणतो, आणि मागचे टाळकरी गप्प होतात. तिथे पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दाखवल्या, की काम झालं.

म्हणून ॲप बनवताना प्रत्येक चित्राला एकच प्रश्न विचारायचा: हे काढलं, तर वापरणाऱ्याला काही कळायचं राहील का? राहणार असेल तर ठेवा. नाहीतर लाकडाचा रंग खुशाल पुसा.

तुमच्या तानपुऱ्याच्या ॲपमध्ये "काळी दोन" सापडते का, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!