एक कार्यक्रम पाहायचा, दुसरा टिपून ठेवायचा



या महिन्यात प्रश्नपेटीतून पाचवीतल्या एका मुलीची चिठ्ठी निघाली. ती लिहिते, "माझा पाठ टीव्हीवर लागतो, त्याच वेळी आजोबांच्या बातम्या असतात. दादाने बॉक्सला पेन ड्राइव्ह लावून दिला. पण पाठाचे रेकॉर्डिंग चालू केले की आजोबांना बातम्या लावता येत नाहीत. असे का?"

प्रश्न झकास आहे. थट्टेवारी नेण्यासारखाही नाही. घरात टीव्ही एक, माणसं पाच, आणि पाठ एकदा हुकला की हुकला. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची. प्रत्येक इयत्तेची वेळ ठरलेली होती. त्या वेळेला टीव्ही आपल्या हाती असला तरच पाठ मिळे. त्याच वर्षी केंद्र सरकारने पहिली ते बारावी, दर इयत्तेला एक वाहिनी अशी योजना जाहीर केली. योजना चांगली, पण ज्या घरात एक पोरगा तिसरीत आणि एक पोरगी पाचवीत, तिथे रिमोट कोणी धरायचा?

आता कारण बघू. आपण म्हणतो, टीव्हीवर 'एक' वाहिनी येते. खरं म्हणजे तारेतून पुष्कळ वाहिन्या एकदमच येत असतात. आठवडी बाजारात दहा विक्रेत्यांच्या आरोळ्या एकाच वेळी कानावर पडतात ना, तसं. त्या गर्दीतून एकीलाच उचलून बाकीच्यांना बाजूला सारणारा एक भाग यंत्रात असतो. त्याला ट्यूनर म्हणतात. रेडिओचा काटा फिरवून आपण स्टेशन लावतो, ते काम ट्यूनरचंच. काटा एक असेल तर स्टेशनही एकच लागणार. म्हणून दोन वेगळे कार्यक्रम, एक पाहायला आणि एक टिपायला, हवे असतील तर साधारणपणे ट्यूनरही दोन हवेत. पडदे किती, तारा किती, याला फारसं महत्त्व नाही.

गंमत अशी, की जुन्या काळी हे काम आजच्यापेक्षा सोपं होतं. तुमच्या आजीला व्हीसीआर विचारा. सोनी कंपनीने १९७५ साली घरगुती वापराचा बीटामॅक्स काढला आणि पुढच्याच वर्षी जेव्हीसी कंपनीचा व्हीएचएस आला. अशा व्हीसीआरच्या पोटात स्वतःचा ट्यूनर असे, आणि टीव्हीचा ट्यूनर टीव्हीत असे. अँटेनाची तार आधी व्हीसीआरमध्ये जायची आणि तिथून पुढे टीव्हीला. बटण 'टीव्ही'कडे केलं की अँटेनातून आलेलं सगळं जसंच्या तसं टीव्हीकडे पोचायचं. मग टीव्हीने एक वाहिनी निवडावी, व्हीसीआरने दुसरी निवडून कॅसेटवर उतरवावी. कुणाचा कुणाला अडथळा नाही. (आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी रात्रभरासाठी भाड्याने यायचा तो व्हीसीपी. तो फक्त कॅसेट दाखवायचा. त्यात ट्यूनरही नसे आणि रेकॉर्डिंगही होत नसे.) अर्थात त्या काळी निवडायला होतं तरी काय! मुंबईचं दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढे कित्येक वर्षं वाहिनी एकच. दोन ट्यूनर असून उपयोग काय?

अमेरिकेत मात्र वाहिन्या अनेक होत्या, आणि तिथे या गोष्टीवरून मोठा खटला झाला. 'कोजॅक' आणि 'कोलंबो' या तिथल्या दोन लोकप्रिय पोलिसी मालिका. बीटामॅक्सच्या एका जाहिरातीचा रोख असा होता, की एक पाहताना दुसरी हुकायची आता गरज नाही. दोन्ही मालिका युनिव्हर्सल कंपनीच्या! आपला कार्यक्रम लोक घरी फुकट उतरवून घेणार, हे त्या कंपनीला रुचलं नाही. १९७६ साली युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी सोनीवर दावा लावला. तो वरच्या कोर्टापर्यंत गेला आणि १७ जानेवारी १९८४ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला : घरच्या घरी, पुढे सवडीने पाहण्यासाठी कार्यक्रम टिपून ठेवणं हा गुन्हा नव्हे. न्यायमूर्ती नऊ, पाच एका बाजूला, चार दुसऱ्या. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर तिथे व्हीसीआर विकणंच अवघड झालं असतं. हा निकाल अमेरिकेचा, आपल्या देशाचा कायदा वेगळा, हे ध्यानात असू द्या.

मग आजच अडचण का? कारण मधे सेट टॉप बॉक्स आला. छत्रीची किंवा केबलची तार आता बॉक्सला लागते. निवड बॉक्स करतो; टीव्ही बिचारा बॉक्स देईल तेवढंच दाखवतो. पिवळ्या पिनेतून चित्र, पांढऱ्या-लाल पिनांतून आवाज, तोही एकाच वाहिनीचा. साध्या बॉक्समध्ये ट्यूनर एकच असतो. तो पाठ टिपायला गुंतला की बातम्या कुठून आणणार?

तरीही एक वाट आहे. उपग्रहावरून वाहिन्या एकेक सुट्या येत नाहीत. काही वाहिन्यांचा मिळून एक गठ्ठा येतो. ट्यूनर अख्खा गठ्ठा उचलतो, आणि मग बॉक्स त्यातली हवी ती वाहिनी वेगळी काढतो. त्यामुळे टिपायची आणि पाहायची वाहिनी एकाच गठ्ठ्यातली असेल, तर काही बॉक्स एका ट्यूनरवरही दोन्ही कामं करतात. करून बघा. रेकॉर्डिंग चालू करा आणि एकेक वाहिनी बदलत जा. जी उघडेल ती त्याच गठ्ठ्यातली. आजोबांच्या बातम्या त्यात निघाल्या तर पैसाही न खर्चता भांडण मिटलं!

नाहीच निघाल्या, तर दोन ट्यूनरचा बॉक्स घ्यावा, नाहीतर दुसरा साधा बॉक्स. केबल असेल तर तार फोडून दोन बॉक्सना देता येते. छत्रीचं तसं नाही. छत्रीपुढचा तो ठोकळा, एलएनबी, त्याला बॉक्सच वीज पुरवतो. १३ व्होल्ट दिले की एका जातीच्या लहरी, १८ दिले की दुसऱ्या जातीच्या. एका तारेवर दोन बॉक्स बसवले आणि एकाने १३ मागितले, दुसऱ्याने १८, की झाली ओढाताण. त्यासाठी दोन तोंडांचा एलएनबी लावतात, प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र तार.

हे काम मोठ्या माणसांचं. छपरावर तुम्ही चढू नका. ज्यांच्या घरी जुना रेडिओ आहे त्यांनी तो शनिवारी घरी विचारून शाळेत आणावा. एका रेडिओवर दोन स्टेशनं लावायचा प्रयत्न करू आणि मग दोन रेडिओ शेजारी ठेवून बघू.