राजभवनातली माणसे

6 जानेवारी 1948 रोजी सर जॉन कॉलव्हिल यांनी मुंबई प्रांताचे गव्हर्नरपद सोडले आणि राजा महाराज सिंह यांनी सूत्रे हाती घेतली. देश स्वतंत्र होऊन तेव्हा पाच महिने होत आले होते. सरोजिनी नायडू संयुक्त प्रांतात, राजाजी पश्चिम बंगालात आणि मंगळदास पक्वासा नागपूरला, मध्य प्रांत-वऱ्हाडात, 15 ऑगस्टपासूनच कामाला लागले होते. मुंबई आणि मद्रास या दोन जुन्या इलाख्यांत मात्र इंग्रज गव्हर्नर आणखी काही काळ राहिला. महाराज सिंह आले आणि तीनशे वर्षांच्या जवळपास चाललेली इंग्रज गव्हर्नरांची परंपरा मुंबईत खंडित झाली. पुढच्या साडेतीन आठवड्यांत गांधीजींची हत्या झाली आणि नव्या गव्हर्नरांना होरपळलेला प्रांत पाहावा लागला.

कपूरथळ्याच्या घराण्यातले महाराज सिंह हे राजकुमारी अमृत कौर यांचे बंधू. क्रिकेटच्या इतिहासात त्यांची एक नोंद आजही अबाधित आहे. नोव्हेंबर 1950 मध्ये राष्ट्रकुल संघाविरुद्ध मुंबई गव्हर्नर संघाचे नेतृत्व करत ते मैदानात उतरले, तेव्हा त्यांचे वय होते 72. जिम लेकरने त्यांना 4 धावांवर बाद केले. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये इतक्या वयात पदार्पण करणारा दुसरा खेळाडू झालेला नाही. त्याच वर्षी 26 जानेवारीला राज्यघटना लागू झाली होती आणि इंग्रजी राजाच्या नावाने चालणारे हे पद भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने चालू लागले होते.

घर मात्र तेच राहिले. मलबार टेकडीच्या टोकाला, तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या सुमारे पन्नास एकरांच्या जागेत मुंबईचे राजभवन आहे. इंग्रज गव्हर्नर आधी परळला राहत. 1882 मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तिथे पटकीने गेल्या आणि त्यानंतर गव्हर्नरांचा कायमचा मुक्काम मलबार टोकावर हलला. परळच्या वाड्यात पुढे हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. पुण्यात गणेशखिंडीच्या ज्या गव्हर्नर बंगल्यातल्या समारंभाहून परतताना 22 जून 1897 रोजी प्लेग अधिकारी रँडवर चापेकरांनी गोळी झाडली, त्या बंगल्यात 1949 पासून पुणे विद्यापीठ भरते आहे. सत्तेची घरे अशी प्रयोगशाळेला आणि विद्येला मिळाली, ही या बदलातली फार समाधानाची गोष्ट.

मुंबईच्या राजभवनाने आपला एक भाग मात्र कित्येक दशके लपवून ठेवला होता. विद्यासागर राव राज्यपाल असताना, 2016 मध्ये, भिंत घालून बंद केलेले एक भुयार उघडण्यात आले. आत लहानमोठ्या तेरा खोल्या निघाल्या. तोफगोळ्यांचे कोठार, काडतुसांची खोली, कारखाना, पंप अशी इंग्रजी नावे त्यांच्यावर अजून वाचता येत होती. समुद्राकडून येणाऱ्या शत्रूसाठी केलेली ही सिद्धता. 2022 पासून तिथे क्रांतिकारकांची माहिती देणारे ‘क्रांतिगाथा’ दालन आहे.

भिंतींपेक्षा अवघड प्रश्न होता तो पदाचा. इंग्रजी अमदानीतला गव्हर्नर काय करू शकतो, हे मुंबईने चांगले अनुभवले होते. 1939 मध्ये बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि 1946 पर्यंत गव्हर्नरने सल्लागारांच्या मदतीने एकहाती प्रांत चालवला. बेचाळीसची धरपकड याच काळातली. म्हणून घटना समितीत आधी ठरले ते असे, की राज्यपाल लोकांनी निवडून द्यावा. मे 1949 मध्ये हा विचार बदलला. मुख्यमंत्रीही लोकांनी निवडलेला आणि राज्यपालही लोकांनी निवडलेला, तर भांडण ठरलेले, हे त्यामागचे मुख्य कारण. राष्ट्रपतींनी नेमलेला, शक्यतो बाहेरच्या प्रांतातला, स्थानिक गटबाजीपासून दूर असलेला माणूस बरा, असे मत पडले. राज्यपालाला स्वतःच्या मर्जीने वापरायचे अधिकार फारसे नाहीत, त्याला कर्तव्ये आहेत, ही डॉ. आंबेडकरांची भूमिका होती.

घटनेत मात्र दोन गोष्टी एकाच अनुच्छेदात शेजारी बसल्या. अनुच्छेद 156 म्हणतो, राज्यपालाची मुदत पाच वर्षे. तोच म्हणतो, राष्ट्रपतींची मर्जी असेल तोवर. राष्ट्रपती केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतात, तेव्हा मर्जी कोणाची हे सांगायला नको. पुढच्या पाऊणशे वर्षांतला राज्यपालांचा सारा इतिहास या दोन वाक्यांमधल्या ओढाताणीचा आहे.

महाराज सिंहांनंतर 1952 मध्ये आले गिरिजाशंकर बाजपेयी, परराष्ट्र खात्याचे पहिले महासचिव. 1954 च्या डिसेंबरात ते पदावर असतानाच वारले. त्यानंतर आलेले हरेकृष्ण महताब 1956 च्या ऑक्टोबरात ओडिशाचे मुख्यमंत्री होण्यासाठी परत गेले. त्यामुळे 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र आणि कच्छ जोडून मोठे द्विभाषिक मुंबई राज्य जन्मले तेव्हा राजभवनात हंगामी राज्यपाल होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला ते काम सांभाळत होते. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने रस्ते पेटलेले, आणि राज्याचे घटनात्मक प्रमुखपद तात्पुरते.

डिसेंबरात श्रीप्रकाश आले. पाकिस्तानातले भारताचे पहिले उच्चायुक्त, काशीचे विद्वान डॉ. भगवानदास यांचे पुत्र. द्विभाषिकाची अखेर आणि महाराष्ट्राची सुरुवात, दोन्हींना ते साक्षी होते. 30 एप्रिल 1960 च्या मध्यरात्री राजभवनातच पंडित नेहरूंच्या हस्ते नव्या राज्याच्या नकाशाचे अनावरण झाले. ज्या वास्तूतून मराठी मुलखावर परक्यांनी हुकूम चालवले, तिथेच मराठी राज्याची घोषणा झाली.

त्यानंतरचा काळ ज्येष्ठांचा. मद्रास इलाख्याचे एकेकाळचे मुख्यमंत्री पी. सुब्बरायन 1962 मध्ये आले आणि सहा महिन्यांतच वारले. त्यांच्या जागी आलेल्या विजयालक्ष्मी पंडित या राज्याच्या पहिल्या महिला राज्यपाल. त्या मराठी घरची सून, हे अनेकांना ठाऊक नसते. त्यांचे पती, ‘राजतरंगिणी’चे इंग्रजी अनुवादक रणजित पंडित, यांचे घराणे मूळचे कोकणातल्या बांबुळीचे. नेहरूंच्या निधनानंतर फुलपूरची पोटनिवडणूक लढवण्यासाठी 1964 मध्ये त्यांनी पद सोडले. मद्रासचे शल्यविशारद पी. व्ही. चेरियन यांचा पाच वर्षांचा काळ पुरा व्हायला अवघे काही दिवस उरले असताना 1969 च्या नोव्हेंबरात त्यांचा मृत्यू झाला. अली यावर जंग पावणेसात वर्षांहून अधिक राहिले आणि 1976 मध्ये पदावर असतानाच गेले. वांद्र्याची श्रवणदोष असलेल्यांसाठीची राष्ट्रीय संस्था त्यांच्या नावाने आजही काम करते. या काळात दिल्लीत आणि मुंबईत एकाच पक्षाची सत्ता होती, त्यामुळे राज्यपालांच्या अधिकारांची खरी परीक्षा झाली नाही.

ती 1978 नंतर सुरू झाली. सादिक अली यांच्यापुढे त्या वर्षी शरद पवार यांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. दिल्लीत सत्ता पालटली आणि 17 फेब्रुवारी 1980 रोजी ते सरकार बरखास्त होऊन महाराष्ट्रात प्रथमच राष्ट्रपती राजवट आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात सादिक अली तामिळनाडूला गेले. नोव्हेंबर 1980 ते जानेवारी 1993 या बारा वर्षांत राज्याने सहा राज्यपाल पाहिले. ओमप्रकाश मेहरा आणि इद्रिस लतीफ हे दोन माजी हवाईदल प्रमुख, कोना प्रभाकर राव, पुढे राष्ट्रपती झालेले शंकरदयाळ शर्मा, कासू ब्रह्मानंद रेड्डी आणि हरितक्रांतीचे एक शिल्पकार सी. सुब्रमण्यम. माणसे मोठी होती, पण राज्य समजून घ्यायला त्यांना वेळच मिळाला नाही. सुब्रमण्यम यांनी तर पंतप्रधानांवर टीका केल्याच्या वादातून जानेवारी 1993 मध्ये पद सोडले, तेव्हा मुंबईत दंगलीची दुसरी लाट भडकलेली होती.

अशा वेळी पी. सी. अलेक्झांडर आले आणि साडेनऊ वर्षे राहिले. महाराष्ट्रात इतका काळ दुसरा कोणी राज्यपाल राहिलेला नाही. काँग्रेसची सरकारे, मग युतीचे सरकार, मग आघाडीचे सरकार, सगळ्यांबरोबर त्यांनी काम केले. 14 मार्च 1995 रोजी शिवाजी पार्कवर मनोहर जोशींना त्यांनीच शपथ दिली. पण त्यांच्या कारकिर्दीचे खरे महत्त्व शपथविधींत नाही, ते अनुशेषाच्या, म्हणजे मागे पडलेल्या विभागांची विकासातली तूट भरून काढण्याच्या, कामात आहे.

अनुच्छेद 371(2) महाराष्ट्राच्या राज्यपालांवर खास जबाबदारी टाकतो. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकास मंडळे स्थापावीत आणि विकासाच्या निधीचे न्याय्य वाटप पाहावे, अशी ही तरतूद. तिची मुळे 1953 च्या नागपूर करारात आहेत. कलम 1956 पासून घटनेत असले तरी ते तसेच पडून होते. 1984 मध्ये दांडेकर समितीने विभागांचा अनुशेष 3,186 कोटींहून अधिक असल्याचे दाखवले, विधिमंडळाने मंडळांची मागणी केली आणि अखेर 1994 मध्ये मंडळे झाली. निर्देशांक व अनुशेष समितीने नव्याने मोजणी केली तेव्हा आकडा 14 हजार कोटींच्या घरात गेला. मग राज्यपालांनी वर्षाच्या योजनेत कोणत्या विभागाला किती रक्कम द्यायची याचे निर्देश काढायला सुरुवात केली. सिंचनाचा पैसा ठरलेल्या जिल्ह्यातच खर्च व्हावा, हा त्यातला आग्रह. हे काम करायला राज्यपालाला जिल्ह्यांचे आकडे कळावे लागतात, आणि ते एक-दोन वर्षांत कळत नाहीत. अलेक्झांडर टिकले म्हणून हे घडले.

मोहम्मद फजल, एस. एम. कृष्णा, एस. सी. जमीर आणि के. शंकरनारायणन यांच्यानंतर 2014 मध्ये विद्यासागर राव आले. केंद्रातले सरकार बदलल्यावर शंकरनारायणन यांची मिझोरमला बदली झाली आणि त्यांनी राजीनामाच दिला. राज्यपाल बाहेरचा असावा ही प्रथा महाराष्ट्राने आजवर पाळली आहे, कायम नेमणुकीचा मराठी राज्यपाल आपल्याकडे झालेला नाही. उलट बिहारला बापूजी अणे, पंजाबला काकासाहेब गाडगीळ, मध्य प्रदेशला हरिभाऊ पाटसकर, उत्तर प्रदेशला राम नाईक आपण दिले. बाहेरच्या माणसाने राज्याची भाषा आपली मानावी, ही अपेक्षा मात्र रास्त आहे. फेब्रुवारी 2018 मध्ये अभिभाषणाचा मराठी अनुवाद सदस्यांच्या कानी पोहोचलाच नाही, तेव्हा विधिमंडळात उसळलेला संताप त्यातूनच आला.

भगतसिंह कोश्यारी यांच्या काळात हे पद रोजच्या चर्चेत आले. 2019 च्या निकालानंतर कोणाचेच सरकार बनेना, 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. 23 नोव्हेंबरच्या पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी ती उठली आणि सकाळी राजभवनात देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीचा आदेश दिला आणि चौथ्या दिवशी राजीनामे झाले. पुढे विधान परिषदेच्या 12 नामनियुक्त सदस्यांची मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर 2020 मध्ये पाठवलेली शिफारस सरकार पडेपर्यंत अनिर्णित राहिली. जून 2022 मध्ये बहुमत चाचणी घेण्याचा राज्यपालांचा आदेश योग्य नव्हता, असा निर्वाळा घटनापीठाने 11 मे 2023 रोजी दिला. उद्धव ठाकरे चाचणीला सामोरे न जाता पायउतार झाल्याने त्यांचे सरकार मात्र परत आणता येणार नाही, असेही न्यायालयाने सांगितले. कोश्यारींनंतर रमेश बैस आणि सी. पी. राधाकृष्णन आले. राधाकृष्णन सप्टेंबर 2025 मध्ये उपराष्ट्रपती झाले आणि गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे महाराष्ट्राचा अतिरिक्त कारभार आला.

शपथविधी जवळून पाहिला की या पदाची अपेक्षा स्पष्ट होते. मुख्य सचिव राष्ट्रपतींचा नियुक्ती आदेश वाचतात, उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती शपथ देतात. मंत्री घटनेशी निष्ठा ठेवण्याची शपथ घेतात. राज्यपाल घटनेचे रक्षण करण्याची आणि राज्यातल्या जनतेच्या सेवेला वाहून घेण्याची शपथ घेतात. नेमणाऱ्या सरकारचा त्यात उल्लेखही नाही.

1 मे 1960 पासून राधाकृष्णन यांच्यापर्यंत महाराष्ट्राला 21 राज्यपाल लाभले. पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ राहिले ते चारच: श्रीप्रकाश, अली यावर जंग, अलेक्झांडर आणि विद्यासागर राव. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगाने 1988 मध्येच उपाय सांगितले आहेत. नुकता सक्रिय राजकारणात असलेला माणूस नेमू नये, नेमणुकीपूर्वी मुख्यमंत्र्यांशी विचारविनिमय करावा, पाच वर्षांची मुदत सबळ कारणाशिवाय मोडू नये. दिल्लीत सत्तेवर आलेल्या एकाही पक्षाने ही शिफारस मनापासून अमलात आणली नाही. महाराष्ट्राने ती मागणी पक्षभेद विसरून एका आवाजात करायला हवी, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या माणसाने दुसरी एक: 30 एप्रिल 2020 रोजी मुदत संपलेली विकास मंडळे उभी राहून कामाला लागली पाहिजेत. पुढच्या राज्यपालांचे मोल त्यांनी किती सरकारे बसवली वा उठवली यावर ठरवू नका, अनुशेषाचा आकडा किती खाली आणला यावर ठरवा.