साठी ओलांडलेली कोबोल

कोबोल ही संगणकभाषा १९५९ साली आकाराला येऊ लागली. त्या काळी प्रत्येक कंपनीच्या संगणकाची आज्ञावली वेगळी असे. यंत्र बदलले की सगळे प्रोग्राम नव्याने लिहावे लागत. हा खर्च टाळण्यासाठी मे १९५९ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या पुढाकाराने पेंटागॉनमध्ये उत्पादक आणि वापरकर्ते एकत्र आले. ग्रेस हॉपर यांच्या ‘फ्लो-मॅटिक’ या भाषेचा मोठा आधार घेऊन नवी भाषा रचली गेली. तिच्या आज्ञा साध्या इंग्रजी शब्दांत असल्याने हिशेबनीसालाही त्या वाचता याव्यात, अशी अपेक्षा होती. डिसेंबर १९६० मध्ये एकच प्रोग्राम आरसीए आणि युनिव्हॅक या दोन वेगळ्या यंत्रांवर चालवून दाखवण्यात आला.

पैशाच्या हिशेबासाठी ही भाषा मुळातच सोयीची आहे. ०.१ ही साधी संख्या द्विमान पद्धतीत नेमकी मांडता येत नाही. तिथे ती कधीच न संपणारा अपूर्णांक होते. कोबोल मात्र दशमान पद्धतीने, ठरलेल्या दशांश स्थळांपर्यंत आकडेमोड करते. एका रात्रीत लाखो खात्यांवर व्याज चढवताना पैशाचाही फरक पडून चालत नाही, तिथे हा गुण निर्णायक ठरतो.

तरीही कोबोल टिकण्याचे खरे कारण तिच्यात लिहिलेल्या जुन्या कोडमध्ये साठलेले ज्ञान आहे. कर बदलला, न्यायालयाचा निकाल आला, एखाद्या जुन्या विमा योजनेला सवलत मिळाली, की प्रत्येक वेळी चार ओळींची भर पडली. त्या लिहिणारे निवृत्त झाले, कागदपत्रे हरवली; नियम उरला तो फक्त कोडमध्ये. आयबीएमने १९६४ साली आणलेल्या सिस्टम/३६० पासून पुढच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या संगणकांवर, जुने प्रोग्राम चालत राहतील याची काळजी घेतली, त्यामुळे बदलाची निकडही भासली नाही.

निकड आली ती २००० सालाच्या तोंडावर. जागा वाचवण्यासाठी वर्षाचे शेवटचे दोनच अंक साठवले जात. ‘००’ म्हणजे १९०० की २०००, हे यंत्राला कळणार नव्हते. लाखो ओळी तपासण्याचे हे काम मोठ्या प्रमाणात भारतात आले. मुंबई-पुण्यातील अनेक तरुण अभियंते त्यासाठीच कोबोल शिकले, आणि या कामातून भारतीय कंपन्यांना परदेशी ग्राहकांचा विश्वास मिळाला.

एप्रिल २०२० मध्ये कोविडमुळे बेकारभत्त्याचे अर्ज अचानक वाढले, तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर साद घातली. दोष लगेच जुन्या भाषेच्या माथी मारला गेला. संगणक-इतिहासाच्या अभ्यासक मार हिक्स यांनी मात्र तिथली अडचण अर्ज भरण्याच्या नव्या संकेतस्थळात असल्याचे निदर्शनास आणले. वर्षानुवर्षे देखभालीचा खर्च कापायचा, माणसे कमी करायची आणि मग भाषेला म्हातारी म्हणायचे, हा अन्यायच आहे.

बदल घाईने केला तर काय होते, हे ब्रिटनच्या टीएसबी बँकेने २०१८ मध्ये अनुभवले. खाती नव्या प्रणालीत हलवताना १९ लाखांपर्यंत ग्राहक आपल्या खात्यांपासून तुटले; २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४.८ कोटी पौंडांहून अधिक दंड केला. म्हणून जाणत्या संस्था एकेक भाग वेगळा काढतात, कोडमधला नियम आधी माणसाच्या भाषेत लिहून घेतात आणि दोन्ही प्रणाली काही काळ शेजारी शेजारी चालवून आकडे जुळवतात. आकडे जुळेपर्यंत जुना प्रोग्राम बंद केला जात नाही.