जीभ निळी दिसली तर ग्रहणाला दोष देऊ नका

हृदयाच्या उजव्या जवनिकेतून रक्त फुप्फुसाकडे जातं, डावीतून शरीराकडे. काही बाळांमध्ये जन्मतःच या दोन महावाहिन्यांची अदलाबदल झालेली असते. मग प्राणवायू नसलेलं रक्त शरीरातच फिरत राहतं, प्राणवायू असलेलं फुप्फुसातच. गर्भातली एक छोटी नळी आणि हृदयातलं छिद्र उघडं असेपर्यंतच बाळ तगतं. नळी तर काही दिवसांतच मिटते.

वस्तीत मात्र आम्हाला अजून ‘आईनं ग्रहण पाळलं नाही’ हेच ऐकावं लागतं. ग्रहणाचा इथं काडीचाही संबंध नाही. सावळ्या बाळाचा निळेपणा कातडीवर पटकन कळत नाही, जीभ बघा. औषधानं नळी उघडी ठेवता येते. १९७५ साली ब्राझीलमध्ये डॉ. अदिब जातेने यांनी वाहिन्या आपापल्या जागी जोडून दाखवल्या. ही शस्त्रक्रिया सहसा पहिल्या काही आठवड्यांतच करतात, कारण नंतर डावी जवनिका दुबळी पडते.