कृष्णवर्णीयांची कविता : आशय आणि अभिव्यक्ती

कवितेचा आशय समजला म्हणजे कविता समजली, असे पुष्कळांना वाटते. 'या कवितेत कवीने अन्यायाविरुद्ध आवाज उठवला आहे' एवढे वाक्य उत्तरपत्रिकेत लिहिले की आपले काम झाले, अशीही आपली समजूत असते. परंतु अन्यायाविरुद्धचा आवाज वृत्तपत्राच्या अग्रलेखातून उठवता येतो, सभेतल्या भाषणातूनही उठवता येतो. मग त्यासाठी कविताच का लिहावी लागली? या पाठात आपण अमेरिकेतील कृष्णवर्णीय कवींच्या काही कवितांच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. इंग्रजांच्या व्हर्जिनिया वसाहतीत 1619 मध्ये काही आफ्रिकी माणसे बंदिवान म्हणून आणली गेली. पुढे सुमारे अडीचशे वर्षे तेथे गुलामगिरी नांदली. 1865 मध्ये घटनादुरुस्ती होऊन ती कायद्याने संपली. परंतु त्यानंतरही दक्षिणेकडील राज्यांत शाळा, रेल्वेचे डबे, उपाहारगृहे, पाणी पिण्याच्या जागा वेगळ्या ठेवणारे कायदे होते. सार्वजनिक ठिकाणचा हा भेद बेकायदेशीर ठरवणारा नागरी हक्क कायदा 1964 मध्ये झाला. या लोकांसाठी पूर्वी 'निग्रो' हा शब्द सर्रास वापरला जाई. त्या काळच्या कवींनी स्वतःही तो अभिमानाने वापरला आहे. आज तो अवमानकारक मानला जातो, म्हणून ग्रंथाच्या वा कवितेच्या नावात आला असेल तेवढ्यापुरताच आपण तो ठेवू.

या कवितेचे मूळ लिखित नाही, गायलेले आहे. गुलामांना लिहायला शिकवणे हा दक्षिण कॅरोलिनात 1740 पासून गुन्हा होता. इतर काही राज्यांतही पुढे तसे कायदे झाले. ज्यांच्या हातून लेखणी काढून घेतली त्यांच्यापाशी गळा उरला. शेतात राबताना आणि प्रार्थनेला जमल्यावर ते गात. एकाने ओळ म्हणायची आणि सर्वांनी तिला साद द्यायची, अशी या गाण्यांची रीत होती. भजनात अभंगाचा चरण बुवा म्हणतात व टाळकरी तो उचलून धरतात, हे ज्यांनी ऐकले असेल त्यांना ही रीत चटकन समजेल. बायबलमधील इस्रायली लोक इजिप्तच्या राजाच्या गुलामीतून सुटले, नदी ओलांडून आपल्या भूमीत गेले, ही कथा या गाण्यांत पुन्हा पुन्हा येते. मालकाला ते भक्तिगीत वाटे. गाणाऱ्याच्या मनात मात्र राजा म्हणजे मळ्याचा मालक आणि पलीकडची भूमी म्हणजे गुलामगिरी नसलेली उत्तरेकडील राज्ये असत. गुलामगिरीतून निसटून पुढे मोठा वक्ता व लेखक झालेल्या फ्रेडरिक डग्लस याने आपल्या आत्मचरित्रात हे स्पष्ट सांगितले आहे. शब्दांचा वाच्यार्थ एक आणि त्यांतून सुचणारा अर्थ निराळा, याला आपल्याकडील काव्यशास्त्रात व्यंजना म्हणतात. आपण व्यंजनेकडे काव्याचे सौंदर्य म्हणून पाहतो. येथे ती जीव वाचवण्याची युक्ती होती. या कवितेतील बहुतेक अलंकारांकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे.

लिखित कवितेची सुरुवातही विलक्षण आहे. 1761 मध्ये सातआठ वर्षांची एक मुलगी बॉस्टनच्या बंदरात विकली गेली. ज्या जहाजातून ती आली त्याचे 'फिलिस' हे नाव तिला दिले गेले आणि मालकाचे 'व्हीटली' हे आडनाव. ती त्या घरात लिहायला, वाचायला शिकली आणि 1773 मध्ये तिचा कवितासंग्रह लंडनला प्रसिद्ध झाला. या कविता तिनेच लिहिल्या आहेत, अशी ग्वाही देणारे पत्र बॉस्टनमधील अठरा प्रतिष्ठित गृहस्थांच्या सह्यांनिशी पुस्तकाच्या आरंभी छापावे लागले. कविता लिहिण्याआधी आपण माणूस आहोत आणि विचार करू शकतो हे सिद्ध करण्याची पाळी ज्या कवीवर येते, त्याच्या कवितेत 'मी कोण?' हा प्रश्न येणारच. यालाच आपण अस्मितेचा प्रश्न म्हणतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॉल लॉरेन्स डनबर हा कवी पुढे आला. त्याचे आईवडील गुलामगिरीतून सुटलेले होते आणि तो स्वतः लिफ्ट चालवण्याचे काम करी. पिंजऱ्यात पंख आपटणारा पक्षी ही त्याच्या 1899 मधील एका कवितेतील प्रतिमा फार प्रसिद्ध आहे. वॉशिंग्टनच्या ग्रंथालयात तो काही काळ नोकरीला होता. पुस्तकांच्या मांडणीभोवतालच्या लोखंडी जाळीत उन्हाळ्यात काम करताना त्याला ही प्रतिमा सुचली, असे त्याच्या पत्नीने पुढे लिहून ठेवले. पक्षी गातो म्हणून तो सुखी आहे असे बाहेरच्यांना वाटते, पण ते गाणे ही त्याची आळवणी असते. येथे प्रतिमेचे प्रतीक झाले आहे. प्रतिमा एका क्षणाचे चित्र उभे करते, तर प्रतीक त्या चित्राला कवितेबाहेरही अर्थ देते. म्हणूनच सत्तर वर्षांनी, 1969 मध्ये, माया अँजेलो या कवयित्रीला आपल्या आत्मचरित्राचे नाव याच कवितेतून घ्यावेसे वाटले.

आता लँगस्टन ह्यूजकडे वळू. न्यूयॉर्कमधील हार्लेम या वस्तीत 1920 च्या दशकात कृष्णवर्णीय लेखक, गायक व चित्रकार यांची जी मोठी चळवळ उभी राहिली, तिचा हा प्रमुख कवी. 1920 मध्ये शालेय शिक्षण नुकतेच संपवून तो आगगाडीने मेक्सिकोला वडिलांकडे निघाला होता. संध्याकाळच्या वेळी गाडी मिसिसिपी नदीच्या पुलावर आली. गुलामाला या नदीच्या खालच्या अंगाला, दक्षिणेकडील मळ्यांवर विकणे ही केवढी भयंकर शिक्षा मानली जाई, हे त्याला आठवले. दहापंधरा मिनिटांत एका लिफाफ्याच्या पाठीवर त्याने कविता लिहिली. 'द निग्रो स्पीक्स ऑफ रिव्हर्स' ही ती कविता 1921 मध्ये 'द क्रायसिस' या मासिकात आली.

या कवितेत 'मी' बोलतो. पण हा 'मी' म्हणजे गाडीत बसलेला तरुण नव्हे. हा 'मी' युफ्रेटिसच्या काठी होता, कांगोच्या काठी होता, नाईलच्या काठी होता आणि आता मिसिसिपीपाशी आला आहे. एका माणसाच्या आयुष्यात हे शक्य नाही. तेव्हा हा 'मी' एका समाजाचा आहे, हे आपण ओळखतो. गुलामाला भूतकाळ नसतो, त्याचा इतिहास जहाजापासून सुरू होतो, असे त्याला शिकवले गेले होते. ह्यूज एका सर्वनामाने ते शिकवणे पुसून टाकतो. नद्यांचा क्रमही पाहण्यासारखा आहे. मानवी संस्कृतीच्या पहाटेपासून तो आफ्रिकेत येतो आणि शेवटी अमेरिकेत. म्हणजे अमेरिका ही या इतिहासाची सुरुवात नसून त्यातला अलीकडचा टप्पा आहे. 'मी' ने सुरू होणाऱ्या सारख्या घडणीच्या ओळी एकामागून एक येतात आणि त्या आवर्तनातून संथ, खोल प्रवाहाची लय निर्माण होते. कविता मुक्तछंदात आहे. पण मुक्तछंद म्हणजे लयीचा अभाव नव्हे, हे तिच्यावरून चांगले शिकता येते.

ह्यूजच्याच 1922 मधील एका कवितेत आई मुलाशी बोलते. आयुष्य म्हणजे जिना, हे रूपक तसे साधेच आहे. परंतु या आईचा जिना खिळे वर आलेला, फळ्या निखळलेला, कोठे कोठे काळोखातला आहे, आणि ती अजून चढतेच आहे. तिची भाषा पुस्तकी नाही, अशिक्षित कष्टकरी स्त्रीची आहे. तीच भाषा ठेवण्यात कवीचे धाडस होते. बोलीतून लिहिले की हसण्यासाठी लिहिले, अशी तेव्हा प्रकाशकांची व वाचकांची अपेक्षा असे. डनबर या अपेक्षेने गांजला होता. त्याच्या बोलीतील कवितांचे कौतुक झाले आणि प्रमाण इंग्रजीतील गंभीर कवितांकडे दुर्लक्ष झाले. ह्यूजने बोलीलाच गांभीर्य दिले. 1926 मधील 'द वेअरी ब्लूज' या संग्रहात तर त्याने ब्लूज गाण्याचा बंधही कवितेत आणला. त्यात पहिली ओळ दुःख सांगते, दुसरी तीच ओळ किंचित बदलून पुन्हा म्हणते आणि तिसरी त्यावर उत्तर देते, कित्येकदा हसून.

मराठी वाचकाला हे सारे परके वाटत नाही, त्याला कारण आहे. महात्मा जोतीराव फुले यांनी 1873 मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना अर्पण केला. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, 1972 मध्ये, मुंबईत दलित पँथर ही संघटना स्थापन झाली. तिचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले होते. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या नामदेव ढसाळ यांचा 'गोलपिठा' हा संग्रह त्याच वर्षीचा. प्रमाण मराठीने ज्या शब्दांना दाराबाहेर ठेवले होते ते तेथे कवितेत आले. तरी दोन्हीकडची कविता एकच आहे असे समजू नये. वर्ण आणि जात या निराळ्या व्यवस्था आहेत.

रूढ काव्यप्रकार मोडूनच बंड करता येते असेही नाही. जमैकात जन्मलेला क्लॉड मॅके 1919 मध्ये रेल्वेच्या भोजनडब्यात वाढप्याचे काम करी. त्या वर्षी अमेरिकेतील अनेक शहरांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांवर हल्ले झाले. जुलै महिन्यात त्याची 'इफ वुई मस्ट डाय' ही कविता प्रसिद्ध झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस शिकागोत उसळलेल्या दंगलीत 38 माणसे मेली. ही कविता चौदा ओळींचे सुनीत आहे. केशवसुतांनी मराठीत आणलेला हाच तो प्रकार. इंग्रजीत तो पूर्वापार प्रेमासाठी वापरला गेला. मॅकेने त्यात लढून मरण्याचा निर्धार भरला. घट्ट यमके आणि मोजलेली ओळ यांमुळे संतापाला शिस्त येते, आणि शिस्तीतला संताप अधिक भीतिदायक असतो. गोरा वा काळा हा शब्द कवितेत एकदाही नाही. म्हणून ती कोणत्याही वेढलेल्या माणसाची कविता होऊ शकते.

शेवटी एका अगदी लहान कवितेचा विचार करू. ग्वेंडोलिन ब्रुक्स ही शिकागोची कवयित्री. 1950 मध्ये पुलित्झर पुरस्कार मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय लेखिका. एकदा शाळेच्या वेळेत तिला एका बिलियर्डच्या अड्ड्यावर काही मुले खेळताना दिसली. ही मुले शाळेत का नाहीत, असा प्रश्न तिने स्वतःला विचारला नाही. या मुलांना स्वतःविषयी काय वाटत असेल, हा तिचा प्रश्न होता. शाळा ज्यांची कधीतरी सुटली आहे त्यांना या दोन प्रश्नांतील अंतर समजावून सांगायला नको. 1959 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'वुई रिअल कूल' या कवितेत ती सात मुलेच बोलतात. उपदेश करणारा आवाज तेथे नाही.

संपूर्ण कविता चोवीस शब्दांची आहे. प्रत्येक शब्द एकाच अक्षराघाताचा, प्रत्येक वाक्य तीन शब्दांचे, आणि प्रत्येक वाक्याचा आरंभ 'आम्ही' या अर्थाच्या शब्दाने होतो. आठ वाक्यांत आठ वेळा 'आम्ही'. पण ब्रुक्स वाक्य आणि ओळ एकत्र संपू देत नाही. वाक्य मध्येच संपते आणि पुढच्या वाक्याचा 'आम्ही' आधीच्या ओळीच्या टोकाला लोंबकळत राहतो. वाचताना तेथे क्षणभर थांबावे लागते. हा शब्द हळू आवाजात म्हणावा, असे ब्रुक्सने स्वतः सांगितले आहे. मुले बढाया मारत आहेत. परंतु 'आम्ही' म्हणताना त्यांचा आवाज खाली येतो, कारण आपण खरोखर कोणी आहोत याची त्यांना खात्री नाही. बढाई शब्दांत आहे आणि शंका ओळीच्या मांडणीत आहे.

अशा सात ओळी होतात. आठव्या ओळीत ही मुले आपल्या लवकर येणाऱ्या मरणाविषयी बोलतात. तेथे दोनच शब्द आहेत, आणि ओळीच्या टोकाला 'आम्ही' नाही.